प्लास्टिक रिपब्लिक

समुद्रातील प्लास्टिकच्या बारीक कणांवर जीवाणूंमार्फत उपाय शोधणारा विद्यार्थी-प्रकल्प. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील विद्यार्थ्यांनी तो 2012 च्या आयजेम या संश्लेषी जीवविज्ञान स्पर्धेसाठी हाती घेतला. ही स्पर्धा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 2004 मध्ये सुरू झाली.

हवाई बेटे आणि कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान सागरी प्रवाहांच्या भोवऱ्यात कचरा साचतो. त्यातील 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे जाळ्यांना सापडत नाहीत. जाळी बारीक केली, तर प्लवकही त्यात येतात. म्हणून ई. कोलाय या जीवाणूत बदल करून हे कण एकत्र चिकटवावेत आणि त्यांचे तरंगते बेट रचावे, अशी कल्पना होती. चिकटवण्याचे काम कर्ली या प्रथिन-तंतूंकडे, तरंगते ठेवण्याचे काम वायुकोशांकडे होते. आतड्यात राहणाऱ्या या जीवाणूला खारे पाणी मानवत नाही, त्यामुळे किरणोत्सार सोसणाऱ्या डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जीवाणूचा, खारटपणा सोसण्यास मदत करणारा इर-ई जनुक त्याला देण्याचे ठरले. प्लास्टिक तोडण्यासाठी लॅकेझ हे विकर निवडले होते. हा भाग सर्वांत कच्चा म्हणावा लागेल, कारण पॉलिएथिलीनची कार्बन-साखळी विकरांना सहजी दाद देत नाही. बेट रचण्याची कल्पना त्यामानाने अधिक चतुर होती.

जनुकबदल केलेले जीवाणू खुल्या समुद्रात सोडणे धोक्याचे असल्याने त्यांना आवर घालणारी यंत्रणाही आराखड्यात होती. प्रत्यक्ष समुद्रात मात्र काहीच सोडले गेले नाही. काम प्रयोगशाळेपुरतेच राहिले.