दार वाजलं, पण दारात कोणी नाही

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने संगणकावर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण आज आपण ज्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत, तो मुळात आपलाच आहे: आधीच्यांनी केलेली चूक नंतरच्यांनी कशी वागवायची?

आपण यवतमाळकर शकुंतला रेल्वेवरून सुरुवात करू. रूळ २ फूट ६ इंचांचे. मूर्तिजापूरला मोठ्या लाइनशी गाठ पडायची आणि तिथे कापसाच्या गाठी एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवाव्या लागायच्या. रुंदी ठरवणारे केव्हाच गेले. ओझं हमालाच्या पाठीवर राहिलं. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हेच हमालाचं काम कर्नेल नावाचा गाभा करतो.

आता इंटरप्ट म्हणजे काय ते पाहू. साहेब फाइल वाचत बसलेत. दर मिनिटाला उठून बाहेर कोणी आलं का हे पाहायचं, की दारावर शिपाई बसवायचा? प्रोसेसर हा साहेब. कीबोर्ड, डिस्क, घड्याळ हे भेटायला येणारे. आणि इंटरप्ट कंट्रोलर हा शिपाई. ही कल्पना १९५० च्या दशकातली. हॉलंडमध्ये डाइक्स्ट्रा यांनी एक्स-१ या यंत्रासाठी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९५९ साली त्यावरच डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्यांना एक भीती नीट कळली होती. हाक कोणत्या क्षणी येईल याचा नेम नाही, म्हणून एकदा झालेली चूक पुन्हा घडवून दाखवता येईलच असं नाही. नुसत्या चाचणीवर इथे भागत नाही, विचारानेच खात्री करून घ्यावी लागते.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यातला शिपाई म्हणजे इंटेलची ८२५९ए ही चिप, आठ घंट्यांची. इंटेलने ० ते ३१ हे क्रमांक प्रोसेसरच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवले होते. आयबीएमने तरीही घंट्यांना ८ ते १५ हे क्रमांक दिले. त्या वेळी काही बिघडलं नाही. पण पुढच्या प्रोसेसरांनी ते राखीव क्रमांक वापरायला काढले. आता क्रमांक ८ आला की प्रश्न उभा राहतो: हा घड्याळाचा साधा ठोका, की सावरताना पुन्हा घसरल्याची, म्हणजे डबल फॉल्टची, गंभीर सूचना? जुने प्रोग्रॅम चालले पाहिजेत म्हणून मूळ मांडणी कोणी बदलली नाही. मग १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्ससारख्या कर्नेलांना सुरू होतानाच घंट्यांचे क्रमांक उचलून ३२ च्या पुढे न्यावे लागले. मूर्तिजापूरच्या गाठी त्या ह्याच!

दुसरी खोड अधिक मजेची. कोणीतरी घंटा वाजवतं आणि साहेबांनी "कोण आहे?" विचारेपर्यंत निघून जातं. शिपायाला काहीतरी उत्तर देणं भाग असतं. तो शेवटचा क्रमांक सांगतो: "सात नंबर, साहेब." दारात कोणीच नाही! मग कर्नेल काय करतो? तो शिपायाची वही तपासतो. सातची नोंद खरोखर असेल तर काम करतो. नसेल तर गप्प बसतो, "काम झालं" असंही म्हणत नाही. कारण तसं म्हटलं, तर आत बसलेल्या दुसऱ्याच खऱ्या माणसाचं नाव खोडलं जाईल. म्हणजे खोट्या हाकेला दिलेल्या सभ्य उत्तराने खऱ्याचं नुकसान होतं.

१९८४ च्या पीसी-एटीमध्ये दुसरा शिपाई आला, पहिल्याच्या हाताखाली. त्याच्याकडची खोटी हाक पंधरा क्रमांकाची. इथे नियम फिरतो. धाकट्याला काही सांगायचं नाही, पण थोरल्याला मात्र "झालं" म्हणायचं. त्याने धाकट्याची हाक खरी मानून वहीत लिहिलेली असते, त्याचा दोष काय? एकाच खोट्याला दोन ठिकाणी दोन न्याय लावावे लागतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

आणि घंटा सतत वाजत राहिली, कोणीच ती आपली म्हणेना, तर? लिनक्स मोजत बसतो. एका लाखापैकी ९९,९०० हून जास्त हाका बेवारस निघाल्या, की नोंद करतो, "कोणालाच पर्वा नाही", आणि ती घंटा बंद करतो. त्या घंटेवरचं एखादं खरं यंत्र मुकं होऊ शकतं. पण तसं केलं नाही, तर साहेबांचा सगळा दिवस दार उघडण्यातच जाईल. इतका धीर धरून मग कान बंद करणं, हे आपल्याला कितीदा जमतं?

याच १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० उभा केला. त्याचे प्रमुख विजय भटकर आपल्या जवळच्या अकोला जिल्ह्यातले. आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत सगळेच्या सगळे लिनक्सवर चालणारे आहेत. एवढा डोलारा ज्या गाभ्यावर उभा आहे, त्याच्या एका कोपऱ्यात जुन्या चिपच्या खोडी सांभाळणाऱ्या ओळी अजून आहेत.

चूक कोणाची हे ठरवणं इतिहासाचं काम, ते करावंच. पण चिप बदलणं कर्नेलच्या हातात नसतं आणि पूर्वज बदलणं आपल्या हातात नसतं. हातात इतकंच उरतं की खोड नीट ओळखायची, ती का सांभाळतो आहोत ते लिहून ठेवायचं, आणि तिच्यापायी दारातल्या खऱ्या माणसाचं नाव खोडलं जाणार नाही एवढं पाहायचं.


आता प्रश्न विचारा. घंटा कोणी वाजवली, ते मात्र सांगा!