परसबागेतील जनावरी खत (कुरकुंभ परिसर)

गुरे, शेळ्या-मेंढ्या व कोंबड्या यांचे मलमूत्र कुजवून घरामागील भाजीपाल्याला आणि फळझाडांना घालण्याची पद्धत. दौंड तालुक्यातील (जि. पुणे) कुरकुंभ हे पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव फिरंगाई देवीचे स्थान आणि रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत यांमुळे परिचित आहे. दौंड-शिरूरचा हा पट्टा पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे येथे खताचे काम पिकाला अन्न पुरवण्यावर संपत नाही: हलक्या, मुरमाड जमिनीत ते ओल धरून ठेवते, तर भारी काळ्या जमिनीत माती भुसभुशीत करून निचरा सुधारते.

पूर्वीची पद्धत : गोठा दारात असला तरी शेणाला वाटेकरी बरेच होते. थोडे सडा-सारवणाला जाई, बरेचसे गोवऱ्या थापून चुलीत जाई आणि उरलेले उकिरड्यात पडे. उन्हाळ्यात उकिरडा उपसून खताच्या गाड्या शेतात रवाना होत. परसाला मिळे ती गोठ्याची झाडलोट, उकिरड्याचा तळ, चुलीतली राख आणि मोरीचे सांडपाणी. भोपळ्याचा किंवा दोडक्याचा वेल उकिरड्याच्या कडेलाच लावला जाई. अळू मोरीच्या पाण्यावर वाढे. गोवरी जळताना नत्र उडून जातो. राखेत पालाश व थोडे स्फुरद राहते. शेण जाळण्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणे सोपे होते; पण जॉन ऑगस्टस व्होलकर यांनी भारतीय शेतीवरील आपल्या 1893 च्या अहवालात त्याचे मूळ सरपणाच्या टंचाईत दाखवले आणि जळण-चाऱ्यासाठी झाडे राखण्याची शिफारस केली.

जनावराने टाकलेल्या नत्राचा मोठा हिस्सा मूत्रात असतो. कच्च्या गोठ्यात तो जमिनीत मुरे. ती माती अधूनमधून खणून खतात मिसळत आणि खड्डा नव्या मातीने भरत. पुढे फरशी आली, तसे मूत्र गटारात जाऊ लागले. धनगरांचे कळप रात्री वावरात बसवण्याची रीत मात्र अजून टिकून आहे. त्यात लेंड्या आणि मूत्र दोन्ही जागच्या जागी मिळतात. कळपाच्या मालकाला मोबदला धान्याच्या किंवा पैशाच्या रूपात दिला जातो.

खतांचे प्रकार व कस : चांगल्या शेणखतात सरासरी 0.5 टक्के नत्र, 0.2 टक्के स्फुरद आणि 0.5 टक्के पालाश धरतात. लेंडीखतात हे प्रमाण सुमारे 3, 1 व 2 टक्के असते, तर कोंबडखतात सुमारे 3, 2.6 व 1.4 टक्के. वांग्यासारख्या पिकाला हेक्टरी 20 टन शेणखत म्हणजे परसातल्या वाफ्यात चौरस मीटरला 2 किलो. तेवढेच कोंबडखत घातल्यास रोपे करपतात. त्याची मात्रा कमी ठेवून ते आधी कुजवावे लागते.

कुजवणे : अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणीच्या अळ्या आणि तणांचे जिवंत बी राहते. कुजलेले खत काळपट व रवाळ होते, हाताला गार लागते आणि त्याला शेणाचा वास येत नाही. ढिगाऱ्यात हात घातल्यावर ऊब जाणवली, तर कुजणे अजून चालू आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूर येथे पालापाचोळा, शेण व मूत्रमाती थराथराने रचून उलथण्याची पद्धत बसवली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या 'नाडेप' टाक्यात भिंतींना भोके ठेवून हवा खेळती राखतात. त्यामुळे ढीग उलथावा लागत नाही आणि थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजतो. गोठा नसलेल्या घराला ही पद्धत विशेष सोयीची.

सद्यःस्थिती : गॅसमुळे गोवऱ्यांची आणि फरशीमुळे सारवणाची गरज घटली. शेणाचे जुने वाटेकरी असे बाजूला झाले, पण ट्रॅक्टरमुळे दारची बैलजोडीही गेली. शेण आता संकरित गाईंच्या गोठ्यांत एकवटले आहे. शेतासाठी ते ट्रॉलीने विकले जाते. परसाला आणि गच्चीवरच्या कुंड्यांना शेणखत किंवा गांडूळखत गोणीने विकत आणावे लागते. ब्रॉयलर शेडमधून निघणारे, भाताच्या तुसात मिसळलेले कोंबडखतही मिळते. त्यात क्षार अधिक असल्याने पाण्याची ओढ असलेल्या बागेत ते जपून वापरावे लागते. सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतात 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती मिसळतात. हे प्रमाण एकराचे असल्याने परसासाठी बादलीभर पुरते. 'उमेद' अभियानात बचत गटांच्या महिलांनी लावलेल्या पोषण परसबागांतही सेंद्रिय खतावर भर असतो.

दक्षता : ताज्या शेणातून रोगजंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर येऊ शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेती नियमांनुसार, खाण्याचा भाग मातीला लागत असल्यास न कुजवलेले खत घातल्यापासून काढणीपर्यंत 120 दिवस आणि लागत नसल्यास 90 दिवस जावे लागतात. मुळा, कोथिंबीर, मेथी यांची काढणी त्याच्या कितीतरी आधी होते. म्हणून या वाफ्यांना पूर्ण कुजलेलेच खत घालावे.