दुधावांचूनचें जेवण आणि शहरांतील भोजनगृहें

मोठ्या शहरांत भोजनगृहाच्या दारावर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी दिसली म्हणजे मांस न खाणारा मनुष्य निःशंकपणें आंत शिरतो. परंतु ज्यानें मांसाबरोबर दूध, दहीं, तूप व मध हेंहि सोडलें आहे, त्याला ही पाटी पुरेशी नाहीं. पुष्कळदां तीच त्याची फसगत करते. असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं त्या ‘शुद्ध’ शब्दामागील इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

प्राणिज पदार्थ मुळींच न खाणाऱ्यांस ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द इंग्लंडांत १९४४ सालीं डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सोबती यांनीं रूढ केला. आपल्याकडील शाकाहाराच्या कल्पनेंत मात्र दूधतुपाला पहिल्यापासून मानाचें स्थान आहे. पंक्तींत भातावर प्रथम जें तूप वाढतात, त्याला ‘अन्नशुद्धि’ असेंच नांव आहे. अर्थात् तूप हें अन्नास बाधक नव्हे, तर तेंच अन्नास शुद्ध करणारें, अशी ही समजूत होय.

मुंबईंत १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला गेला आणि पुढें कोंकणांतून व घाटावरून कामकरी येऊं लागले. बिऱ्हाड गांवींच ठेवून आलेल्या या पुरुषांसाठीं बायकांनीं घरगुती खानावळी चालविल्या. महिन्याचे पैसे ठरवून तेथें दोन वेळां जेवण मिळे. पुढें विद्यार्थी व कारकून यांच्यासाठीं शाकाहारी भोजनगृहें वाढलीं. माटुंग्यास १९४२ सालीं रामा नायक यांनीं काढलेलें उडुपी भोजनगृह याच परंपरेंतलें. पंक्तीचें तूप व ताक या भोजनगृहांच्या ताटांतहि आलें. तशांत १९३७ सालीं डालडा बाजारांत आला आणि वनस्पति तुपाची भेसळ हा घरोघरीं चिंतेचा विषय झाला. मग ‘शुद्ध तुपांतील’ हीच दुकानदाराच्या सचोटीची खूण ठरली. दूध वर्ज्य करणाऱ्यास जें चाललें असतें, तेंच लोकांच्या दृष्टीनें अशुद्ध ठरलें, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

आतां बीड जिल्ह्याकडे वळूं. बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा मुलूख पर्जन्यछायेचा. येथील मुख्य अन्न ज्वारी व बाजरी. गरम पाण्यांत मळलेली भाकरी, तेलाच्या फोडणीचें पिठलें, हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची व कारळ्याची चटणी, शेंगोळे आणि सणासमारंभास येसराची आमटी, यांतील एकाहि पदार्थास दुधातुपाची गरज नाहीं. ज्याच्या दारीं दुभतें जनावर, त्याच्या ताटांत ताक असे. परंतु ज्याच्या दारीं तें नव्हतें, त्याचें जेवण आपोआप दुधावांचूनचें झालें. हा व्रताचा भाग नव्हे, अभावाचा होय, हें विसरतां कामा नये. १९७२ च्या दुष्काळांत भाकरीचीच भ्रांत पडली होती. आजहि येथील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील कारखान्यांकडे जातात, कोपींत राहतात, आणि भल्या पहाटे भाकरी बांधून फडांत उतरतात.

ही भाकरी शहरांतील शाकाहारी भोजनगृहाच्या ताटांत फार काळ दुय्यम राहिली. तेथें मान पोळीचा व पुरीचा. १९९५ सालीं राज्य सरकारनें एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना काढली, ती गरिबांचें अन्न म्हणूनच. पुढें तीच झुणका-भाकर चांगल्या भोजनगृहांतूनहि चढ्या दरानें मिळूं लागली.

तेव्हां दूध न घेणाऱ्यानें पुण्या-मुंबईंत भोजनगृह निवडतांना पाटी पाहण्यापूर्वीं चूल पाहावी. जेथें भाकरी, पिठलें, भरलीं वांगीं व उसळी होतात, तेथें त्याची सोय लवकर लागते. जेथें लोणी व मलई यांवर रश्शाची भिस्त आहे, तेथें कठीण. तरीहि चार गोष्टी विचाराव्याच: फोडणी तेलाची कीं तुपाची, पिठल्यांत ताक घालतां काय, भरितांत व कोशिंबिरींत दहीं आहे काय, आणि भाकरीवर लोणी घालून आणतां काय. बंद पुडक्यांवरील हिरवा ठिपका दुधाला आडकाठी करीत नाहीं. २०२२ सालच्या केंद्रीय नियमांनीं व्हीगन पदार्थांच्या पुडक्यांसाठीं निराळें चिन्ह ठरविलें आहे. पण वाढलेल्या ताटावर कोणतेंच चिन्ह नसतें. शिवाय ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नांतून पुरेसें मिळत नसल्यानें त्याची तजवीज वैद्यकीय सल्ल्यानें निराळी करावी लागते.

दुधावांचूनचें जेवण परदेशांतून आलेलें नवें खूळ आहे, असें मानणाऱ्यांनीं बीडकडील भाकरीची आठवण ठेवावी; आणि तें आपण नव्यानें शोधून काढलें, असें मानणाऱ्यांनींहि ठेवावी. एकानें जें तत्त्व म्हणून पत्करलें, तें दुसऱ्यानें पिढ्यान् पिढ्या गरज म्हणून सोसलें आहे. शहरांत त्या भाकरीला आज चांगला दाम येतो. ती भाजणाऱ्या हातांनाहि तसाच दाम मिळतो कीं नाहीं, हा प्रश्न भोजनगृह निवडणाऱ्यानें चार प्रश्नांनंतरचा पांचवा म्हणून विचारण्यासारखा आहे.