केसपेपरचा मागोवा

सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमत किंवा हिंगोली, कुठल्याही सरकारी दवाखान्यात उपचाराची सुरुवात केसपेपरने होते. खिडकीत नाव, वय, गाव सांगायचं, कागद घ्यायचा आणि ओपीडीच्या रांगेत लागायचं. डॉक्टर त्याच कागदावर तपासणी लिहितात, रक्त-लघवीच्या चाचण्या लिहितात, गोळ्या लिहितात. औषधाच्या खिडकीवरही तोच दाखवायचा. बरीच वर्षं या कागदाला पाच-दहा रुपये पडत. 15 ऑगस्ट 2023पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या 2,418 संस्थांमध्ये नोंदणी, तपासण्या आणि उपचार मोफत झाले. या मोफतपणाची मुळं मात्र फार मागे जातात.

हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावणीचं गाव होतं. 1903 साली छावणी उठेपर्यंत इंग्रजी वैद्यकाची सोय इथे मुळात फौजेसाठी होती. रयतेसाठी गावोगावचे वैद्य, हकीम आणि सुईणी होत्या. निजामाच्या राज्यात सरकारी दवाखाने निघाले, पण खेड्यापासून ते लांबच राहिले.

मोफत उपचाराचा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने. 1943 साली नेमलेल्या या समितीने 1946 मध्ये अहवाल दिला. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये, हे तिचं सूत्र. सुरुवात म्हणून 40 हजार लोकांमागे एक आरोग्य केंद्र असावं, असं तिने सुचवलं. 5 जुलै 1948 रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, त्याच्या दोन वर्षं आधी भारतात हा आराखडा कागदावर होता. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात असल्याने त्या आराखड्याबाहेरच राहिलं. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. 1952 पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली होती. पुढे त्यांचं जाळं इथेही पसरलं.

मग मोफत उपचाराला पैसे कसे पडू लागले? 1987 साली जागतिक बँकेने विकसनशील देशांना सल्ला दिला, की सरकारी दवाखान्यात येणाऱ्यांकडून शुल्क घ्या. 1990च्या दशकाअखेरीस याच बँकेच्या कर्जावर महाराष्ट्रात आरोग्य यंत्रणा विकास प्रकल्प आला. त्या काळात शुल्काला धोरणाचं बळ मिळालं. पाच-दहा रुपयांत काय जातं, असं म्हणायला सोपं आहे. पण हळद शिजवण्याच्या दिवसांत वसमतच्या शेतात कामाला जाणारी बाई ताप आला म्हणून दवाखान्यात गेली, तर तिची आधी मजुरी बुडते, मग एसटीचं भाडं जातं. त्यात केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे पैसे वाढले की ती ‘उद्या बघू’ म्हणते. आजार तेवढ्यात बळावतो, आणि साध्या गोळ्यांवर भागलं असतं तिथे भरती व्हावं लागतं. वेळेवर आणि जवळ मिळालेला उपचार रुग्णालाही स्वस्त पडतो आणि सरकारलाही. मोफत सेवेचा सर्वांत मोठा फायदा हाच.

तरीही ‘फुकटाची किंमत नसते’ असं लोक म्हणतातच. पण हा उपचार फुकट नसतोच. साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कितीतरी खरेदीवर शेतमजूरही जीएसटी भरतो. केसपेपरचे पैसे त्याने आधीच दिलेले असतात.

दुसरा गैरसमज कार्डाचा: योजनेचं कार्ड असलं की दवाखान्याची गरज नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत आणि 2013 मध्ये राज्यभर सुरू झाली. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आता ती सर्वांसाठी खुली आहे आणि वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचं संरक्षण देते. मोठ्या शस्त्रक्रियेला तिचा आधार मोलाचाच आहे. पण ही योजना ठरावीक उपचारांसाठी, मुख्यतः भरती झाल्यावर कामी येते. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, लेकराचा ताप, गरोदरपणातली तपासणी यांसाठी गावाजवळचा चालू दवाखानाच लागतो. 2021-22च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी 39.4 टक्के पैसा लोक थेट खिशातून देतात. 2013-14 मध्ये हा वाटा 64.2 टक्के होता. घट मोठी आहे, पण उरलेला बोजाही कर्ज काढायला लावणारा आहे.

तिसरा गैरसमज सरकारचा: शुल्क माफ केलं की काम संपलं. 2023च्या शुल्कमाफीला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा नांदेडच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. हिंगोलीचे गंभीर रुग्ण याच रुग्णालयाकडे पाठवले जातात. खाटा, डॉक्टर, परिचारिका आणि औषधं पुरेशी नसतील तर मोफत केसपेपर रुग्णाला वाचवत नाही. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च 2025पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला 2024 मध्ये 100 जागांचं स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या विभागाकडे येतात आणि 2023चा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागापुरता होता. म्हणून हिंगोलीकरांनी आत्ताच मागणी लावून धरावी: विभाग कोणताही असो, केसपेपरला पैसे पडता कामा नयेत. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, महाराष्ट्रानेही तो करावा. शासनाचा निर्णय दुसऱ्या निर्णयाने फिरवता येतो, कायदा तितक्या सहज फिरत नाही. तोवर आपल्या ग्रामसभेत उभं राहून आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागा आणि औषधांचा साठा यांचा हिशेब मागा. केसपेपरचे पैसे आपण भरलेले आहेत.