वजनकाटा आणि सरावली

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कडेला, बोईसरला खेटून असलेले सरावली हे 'जनगणना शहर' आहे. म्हणजे नगरपालिका नसली तरी किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसांची दाटी आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, या तीन कसोट्यांना उतरलेली वस्ती. गावाचे शहर झाले की नाही हे असे पुरुषांच्या कामावरून ठरत असताना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रौढ शरीराची मोजदाद मात्र स्त्रियांपासून सुरू झाली.

या पाहणीने 1998-99 च्या दुसऱ्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील, विवाह झालेल्या स्त्रियांची उंची व वजन मोजले. तिचे लक्ष माता-बालकांच्या पोषणावर असल्याने पुरुष काट्यावर आले ते थेट 2005-06 मध्ये, आणि म्हणून या पाहणीच्या आधारे दोघांची तुलना त्यापूर्वी करताच येत नाही. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा म्हणजे बीएमआय. तो 25 किंवा अधिक असल्यास अतिवजन वा लठ्ठपणा धरतात. महाराष्ट्रात हे प्रमाण 2005-06 मध्ये स्त्रियांत 14.5 आणि पुरुषांत 11.9 टक्के होते; 2015-16 मध्ये ते अनुक्रमे 23.4 व 23.8 झाले, आणि पाचव्या फेरीत स्त्रिया 23.4 वरच थांबल्या असताना पुरुष 24.7 वर पोहोचले. देशात मात्र स्त्रियाच पुढे राहिल्या (24.0 विरुद्ध 22.9).

राज्यातील ही उलटापालट स्त्रियांच्या सुदृढतेची खूण मानणे घाईचे ठरेल, कारण त्याच फेरीत कमी वजनाच्या स्त्रिया 20.8 टक्के, तर पुरुष 16.2 टक्के होते. सरावली ज्यात येते त्या, 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याची सरासरी बोईसरचे कारखाने आणि कुपोषणासाठी ओळखले जाणारे जव्हार-मोखाडा यांना एकाच आकड्यात बसवते. शिवाय पुरुषांचा नमुना राज्यापुरताच घेतला जात असल्याने जिल्हा पत्रकात बीएमआय केवळ स्त्रियांचा छापला जातो. सरावलीतून पाळीवर जाणाऱ्या कामगाराचे वजन त्यात कोठेच दिसत नाही.

पाचव्या फेरीत कंबर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तरही प्रथमच मोजले गेले, स्त्रियांसाठी 0.85 आणि पुरुषांसाठी 0.90 या मर्यादा धरता देशात 56.7 टक्के स्त्रिया व 47.7 टक्के पुरुष जोखमीच्या बाजूला निघाले, आणि बीएमआयमध्ये सुमारे एका टक्केबिंदूची असलेली तफावत टेपने मोजताच नऊ टक्केबिंदूंची झाली.