आलेखाचा रंग कोण ठरवतं?

गोंडपिपरीहून आम्ही बोलतो आहोत. आज आम्ही आलेखाचा इतिहास सांगणार आहोत. अंगणवाडीत, दवाखान्यात, ग्रामसभेच्या कागदांत आणि आता मोबाइलमध्येही तुम्ही तो पाहता. कधी रेघांचा असतो, कधी उभ्या पट्ट्यांचा. त्याचे आकडे कुठून येतात यावर आपण पुष्कळदा बोलतो. आज त्याच्या रूपावर बोलू. रंग कोणता, रेघ किती जाड, नावं कुठे लिहायची, हे कोण ठरवतं?

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. १५ ऑगस्टची ग्रामसभा होती. रोवणा नुकताच आटोपला होता. रोवण्याच्या दिवसांत आपण सकाळी बांधीत उतरतो ते अंधार पडल्यावर घरी येतो, आणि लेकरं मोठ्या भावंडांच्या भरवशावर असतात. त्या दिवसांत लेकरांची वजनं घटतात, हे आम्ही आमच्या घरातच पाहिलं आहे. म्हणून गटाने ठरवलं होतं, की धानकापणीच्या आधी गावात दिवसभर लेकरं सांभाळायची सोय करावी, असा ठराव सभेत मागायचा.

सभेत एका कार्यालयातून आलेला कागद वाटला. त्यावर मोहल्ल्याप्रमाणे दोन-दोन उभ्या पट्ट्या होत्या. मूळ कागदावर एक हिरवी आणि एक लाल. हिरवी म्हणजे वजन बरोबर असलेली मुलं, लाल म्हणजे कमी वजनाची. पण आमच्या हातात आली ती झेरॉक्स. दोन्ही पट्ट्या सारख्याच करड्या. कोणता रंग कशाचा हे सांगणारे खालचे दोन चौकोनही करडेच. अंगणवाडी ताई त्या दिवशी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. आमच्या मोहल्ल्याची एक पट्टी चांगली उंच दिसत होती. आम्ही तिला हिरवी समजलो. टाळ्यासुद्धा वाजवल्या. सगळं ठीक आहे म्हटल्यावर ठराव कशाला? विषय पुढच्या सभेवर गेला.

ताई परत आल्या आणि त्यांनी रंगीत कागद दाखवला. उंच पट्टी लाल होती. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या त्या आमच्याच नातवंडांच्या कमी वजनाला.

बायांनो, आकडे खोटे नव्हते आणि कोणी मुद्दाम फसवलंही नव्हतं. रंग निवडणाऱ्याच्या मनात एवढंच आलं नव्हतं, की हा कागद झेरॉक्स होऊन गावात जाईल. तेव्हापासून आम्ही आलेखाच्या मागे लागलो, आणि त्याचा इतिहास फार जुना नाही असं कळलं.

भिंतीवर कोळशाने रेघा ओढून दुधाचा किंवा मजुरीचा हिशेब ठेवणं आपल्याला ठाऊक आहे. आकड्यांची उंची करून, पट्ट्या आणि रेघा काढून पुस्तकात छापायची पद्धत मात्र १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने सुरू केली. त्याने देशांचा व्यापार असा दाखवला.

त्यानंतर सत्तर वर्षांनी एका बाईने आलेखाला कामाला लावलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून ओळखतो. पण त्या आकड्यांच्याही मोठ्या जाणकार होत्या. क्रिमियाच्या युद्धात गोळी आणि तलवारीपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मेले. घाण पाणी, तुंबलेली गटारं आणि कोंदट खोल्या ही त्याची कारणं होती. हे सरकारला पटवायचं होतं, आणि आकड्यांची लांब यादी मोठी माणसं वाचत नाहीत हे बाईंना माहीत होतं. म्हणून १८५८ मध्ये त्यांनी फुलाच्या पाकळ्यांसारखा एक आलेख छापला. प्रत्येक महिन्याची एक पाकळी. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे लाल, बाकीचे काळे. निळ्या पाकळ्या इतक्या मोठ्या दिसल्या, की वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. बाई भारतात कधी आल्या नाहीत, पण इथल्या सैन्याच्या आणि खेड्यांच्या आरोग्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

तिसरी गोष्ट आपल्या लेकरांच्या कार्डाची. १९५० नंतरच्या काळात डेव्हिड मॉर्ले नावाचे इंग्रज डॉक्टर आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात खेड्यांत काम करत होते. त्यांनी वजनाचा साधा आलेख केला. त्यावर दोन वाकड्या रेघा, आणि मधली जागा म्हणजे जणू लेकराने चालायचा आरोग्याचा रस्ता. ते कार्ड त्यांनी दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या घरी दिलं. ही मोठी गोष्ट होती. ज्याच्या घरी आलेख असतो, तोच त्यावर प्रश्न विचारू शकतो.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या आल्या. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळांच्या वाढीची नवी मोजमापं काढली. भारतासह सहा देशांतल्या मुलांना मोजून ती ठरवली होती. त्यावरून आपला आजचा तक्ता झाला. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. आत वर हिरवा पट्टा, मग पिवळा, सर्वात खाली नारिंगी. पण अंगणवाडी ताई एक गोष्ट सांगतात ती लक्षात ठेवा. पट्ट्याच्या रंगाइतकीच रेघेची दिशा महत्त्वाची. लेकराचा ठिपका हिरव्यात असला, पण दोन-तीन महिने रेघ आडवी चालली किंवा खाली वळली, तर हिरवा पाहून स्वस्थ बसू नका. रंगामुळे चटकन समजतं, तसं रंगामुळे काही झाकूनही जातं.

आता आपल्या शेजारची गोष्ट. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. तिथे १९८६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम आहे. न्यूमोनियाने बाळं दगावत होती. बाळाचा श्वास एका मिनिटात किती वेळा चालतो, हे मोजलं की न्यूमोनिया ओळखता येतो. पण गावातल्या सुईणींना इतकी मोजणी येत नव्हती. मग त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. वाचता न येणाऱ्या बाईच्या हातात तो एक आलेखच होता. तो कोणासाठी करायचा हे आधी ठरलं आणि मग त्याचं रूप ठरलं. पुढे तिथल्या ३९ गावांत प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ मध्ये हा अभ्यास जगभर वाचल्या जाणाऱ्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आला.

इथवरचे आलेख हाताने काढलेले किंवा छापखान्यात केलेले होते. आता बहुतेक आलेख संगणक काढतो, आणि तो कोडवर चालतो. कोड म्हणजे संगणकाला ओळीने लिहून दिलेल्या सूचना. स्वेटर विणताना आपण 'दोन सुलट, एक उलट' असा नमुना लिहून ठेवतो, तसंच. नमुन्यात एक शब्द बदलला की वीण बदलते.

२००३ मध्ये जॉन हंटर नावाच्या अमेरिकन संशोधकाने असं एक साधन लोकांना मोफत दिलं. त्याचं नाव मॅटप्लॉटलिब. मिरगीच्या रुग्णांच्या मेंदूतल्या लहरी त्याला पाहायच्या होत्या आणि विकतचं साधन त्याच्या कामाला पुरत नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच लिहायला घेतलं. २०१२ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी तो वारला, पण साधन जगभर पसरलं. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असल्यामुळे इतरांनी ते पुढे नेलं.

अशा साधनात एक गोम असते. तुम्ही रंग सांगितला नाही, तर साधन आपल्या मनाने लावतं. मॅटप्लॉटलिबमध्ये आधी पहिली रेघ निळी, दुसरी हिरवी, तिसरी लाल यायची. हिरवा आणि लाल हा फरक काही माणसांच्या डोळ्यांना दिसतच नाही. हा दोष बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. म्हणजे सभेत बसलेल्या एखाद्या भाऊंना रंगीत कागदही आमच्या झेरॉक्ससारखाच दिसत असेल! नकाशासारख्या आलेखांत तर इंद्रधनुष्याचे रंग यायचे. त्यातला भडक पिवळा डोळ्यात भरायचा आणि तिथे काही मोठं घडलंय असं वाटायचं, घडलेलं नसलं तरी. यावर पुष्कळ चर्चा झाली. २०१५ मध्ये नथॅनिएल स्मिथ आणि स्टेफान व्हॅन डर वॉल्ट यांनी गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारी रंगमाळ तयार केली. ती काळ्या-पांढऱ्या कागदावरही वाचता येते. २०१७ पासून इंद्रधनुष्याच्या जागी तीच आपोआप येते, आणि रेघाही आता पहिली निळी, दुसरी नारिंगी अशा येतात. आमची फजिती जगात मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही झाली होती, हे ऐकून आम्हाला जरा बरं वाटलं.

आणि हे शिकायला मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात आलेख सजवण्याचा छोटा धडा आहे, आणि असे धडे तिथे मराठीतही केले आहेत. याच उपक्रमात बाळाला छातीला नीट कसं धरायचं, हे दाखवणाऱ्या चित्रफितीही आहेत. तुमच्यापैकी काहींनी त्या पाहिल्या असतील.

आमच्यातल्या एकीची मुलगी कॉलेजात शिकते. तिने आम्हाला करून दाखवलं. इंग्रजी 'आर' अक्षर लिहिलं की रेघ लाल, 'जी' लिहिलं की हिरवी. एक आकडा वाढवला की रेघ जाड, दोन छोट्या आडव्या रेघा लिहिल्या की तुटक. पट्टीत तिरप्या रेघा किंवा ठिपके भरता येतात. उभा माप शून्यापासून सुरू करायचा की मधूनच, हेही सांगता येतं. तिने एकच आलेख दोनदा काढला. माप नव्वदपासून सुरू केलं तर दोन मुलांचा फरक डोंगराएवढा दिसला, शून्यापासून केलं तर उंबरठ्याएवढा. आकडे तेच.

मग तिने आमच्या गावाचा आलेख नव्याने केला. कमी वजनाच्या पट्टीत तिरप्या रेघा भरल्या, दुसरी कोरी ठेवली. रंग काढूनच टाकले. नावं खाली चौकोनात न देता पट्टीच्या डोक्यावर दिली. पण मराठीने अडवलं. आधी अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन आले, कारण साधनाच्या नेहमीच्या टाइपात देवनागरी नव्हतीच. देवनागरी टाइप घातला तर 'वजन' नीट आलं, पण 'किलो'तली वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसली. दूर देशात कोणीतरी केलेलं साधन, त्यात आपली अक्षरं शेवटी पोचतात. पोरीने डोकं चालवलं. नावांची जागा मोकळी सोडली, आणि आम्ही तिथे स्केचपेनने लिहिलं. मग झेरॉक्स काढली, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढली, आणि गटातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीला विचारलं, "आजी, यात आजारी कोण, धडधाकट कोण?" आजीने तिरप्या रेघांवर बोट ठेवलं.

२ ऑक्टोबरच्या सभेत तो कागद फिरला. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग कापणीच्या दिवसांत लेकरं सांभाळायचा ठराव झाला. तो आमच्या रोवण्याच्या वेळी झाला असता तर अधिक बरं होतं.

मैत्रिणींनो, पुढच्या सभेत कागद हातात आला की चार गोष्टी विचारा. ही पट्टी कशाची? माप शून्यापासून आहे का? झेरॉक्स निघाल्यावर हे वाचता येईल का? आणि यातली रेघ वर चालली आहे की खाली? उत्तर मिळालं नाही, तर टाळी वाजवू नका. तो आलेख कोणीतरी लिहून केलेला आहे, आणि लिहिलेलं बदलता येतं. तुमच्या गावात कॉलेजला जाणारी एखादी पोरगी असेलच. तिला जवळ बसवा, तुमचे आकडे सांगा.

आता निरोप घेतो. आमच्याकडे मळणी चालू आहे. पुढच्या वेळी पुन्हा भेटू.