सीमारेषेवरून दिलेली चाल : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील ‘नो-हडल’ आक्रमणाचा इतिहास

अमेरिकी फुटबॉल हा थांबत थांबत पुढे सरकणारा खेळ आहे. चेंडू ज्या संघाच्या ताब्यात असतो त्याला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात आणि अशा प्रत्येक संधीला, म्हणजे ‘डाऊन’ला, एक पूर्वनियोजित चाल खेळली जाते, अकरा जणांपैकी कोणी कोठे उभे राहायचे, कोणी कोणाला अडवायचे आणि चेंडू कोणाच्या हाती जायचा हे त्या चालीत ठरलेले असते. चाल काही सेकंदांत संपते, पण दोन चालींमधला अवकाश त्याहून कितीतरी मोठा असतो. त्या अवकाशात पुढची चाल कोणी ठरवायची, ती आपल्या अकरा जणांपर्यंत कशी पोहोचवायची आणि समोरच्या अकरा जणांपासून कशी लपवायची, हे तीन प्रश्न या खेळाला जवळपास जन्मापासून चिकटलेले आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठांच्या संघांनी त्यांना जे उत्तर दिले त्याची चर्चा बहुधा वेगाच्या अंगाने होते. त्या उत्तराने मैदानावरील अधिकाराची वाटणी कशी बदलली, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

‘हडल’ म्हणजे चाल सुरू होण्यापूर्वी खेळाडूंनी डोक्याला डोके लावून केलेले कोंडाळे. या प्रथेचा उगम बहुतेक जण वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात शोधतात. तेथील क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्र हाती असलेला खेळाडू, पॉल हबर्ड याने १८९४ च्या सुमारास सहकाऱ्यांना भोवती गोळा करून चाल सांगण्यास सुरुवात केली, कारण कर्णबधिरांच्या दुसऱ्या संघाशी खेळताना उघड्यावर केलेल्या हातांच्या खुणा प्रतिस्पर्ध्यांना सहज वाचता येत असत. १९२० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब झुप्के यांनी हे कोंडाळे नियमितपणे वापरले आणि हळूहळू ते सर्वत्र रूढ झाले. त्यापूर्वीचे संघ रांगेत उभे राहून क्वार्टरबॅकने ओरडून सांगितलेल्या सांकेतिक आकड्यांवर खेळत असत. तेव्हा हडलशिवाय खेळणे ही आधुनिक काळाची निर्मिती नव्हे, हडल हीच मागाहून आलेली प्रथा होय.

त्या काळात चाल ठरवण्याचा अधिकार खेळाडूचा होता आणि नियमही त्याच्याच बाजूने उभे होते. सामना चालू असताना प्रशिक्षकाने मैदानाबाहेरून सूचना देणे हे दीर्घकाळ दंडनीय मानले गेले, आणि आत आलेल्या बदली खेळाडूने निदान एक चाल होईपर्यंत सहकाऱ्यांशी बोलू नये असाही निर्बंध काही काळ होता, जेणेकरून त्याच्या तोंडून निरोप पोहोचू नये. या कडकपणामागे एक शैक्षणिक धारणा होती : विद्यापीठातील खेळ विद्यार्थ्यांचा आहे, आठवडाभर शिकवलेले त्यांनी सामन्याच्या दिवशी स्वतःच्या बुद्धीने वापरावे आणि पगारी प्रशिक्षकाने तेव्हा बाकावर बसून राहावे. ही धारणा पुढे टिकली नाही, तरी ती भाबडी होती असे म्हणता येणार नाही.

तिला पहिले मोठे खिंडार बदली खेळाडूंच्या नियमाने पाडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खेळाडू बदलण्याची मुभा वाढली, १९५३ मध्ये ती पुन्हा आवळली गेली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास मुक्त बदलीचे युग कायमचे सुरू झाले. त्याच दशकात सीमारेषेवरून सूचना देण्यावरील बंदीही उठली. व्यावसायिक फुटबॉलमध्ये क्लीव्हलँडचे प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांनी तोवर ‘गार्ड’ या जागेवरचे दोन खेळाडू आलटून-पालटून आत पाठवून त्यांच्याबरोबर चाल धाडण्याची पद्धत बसवली होती. १९५६ मध्ये तर त्यांनी क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवून पाहिला, पण व्यावसायिक साखळीचे आयुक्त बर्ट बेल यांनी तो लवकरच बंद पाडला. विद्यापीठांनी ब्राऊन यांचा रेडिओ घेतला नाही, निरोप्या मात्र घेतला, आणि पुढे निरोप्याच्या जागी सीमारेषेवरून केलेल्या हातवाऱ्यांच्या खुणा आल्या. तरीही हडल कायम होते : क्वार्टरबॅक खूण पाहून कोंडाळ्यात जाई, सर्वांना चाल सांगे, आणि मगच संघ रांगेत उभा राही.

सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत, घड्याळ विरोधात असताना, हडल वगळून खेळण्याची रीत जुनीच होती. तीच रीत पहिल्या मिनिटापासून चालवली तर काय होईल, हा प्रश्न १९८० च्या दशकाच्या अखेरीस सिनसिनाटी बेंगल्स आणि पाठोपाठ बफेलो बिल्स या व्यावसायिक संघांनी विचारला. बफेलोचा क्वार्टरबॅक जिम केली बहुतेक चाली रांगेत उभा राहून स्वतः ठरवत असे. म्हणजे हडल गेल्यामुळे तेथे खेळाडूचा अधिकार वाढला होता. विद्यापीठांत नेमके याच्या उलट घडले, आणि ते का घडले हे पाहण्यासारखे आहे.

महाविद्यालयीन नो-हडल आक्रमण नामांकित विद्यापीठांत जन्मले नाही. हॅल मम्मी आणि माइक लीच यांनी आपली पासकेंद्री ‘एअर रेड’ पद्धत आयोवा वेस्लियन आणि व्हॅल्डोस्टा स्टेट अशा लहान महाविद्यालयांत घडवली. रिच रॉड्रिग्ज यांनी वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल स्टेटमध्ये आपले प्रयोग केले. गस माल्झान यांनी आर्कान्सामधील शाळांच्या संघांवर आपली पद्धत बसवली आणि २००३ मध्ये त्यावर एक पुस्तकही लिहिले. या सर्वांची अडचण एकच होती. धिप्पाड खेळाडू मोठ्या विद्यापीठांकडे जात, तेव्हा समोरच्या बलाढ्य बचाव फळीला दम घेऊ द्यायचा नाही आणि ताजे खेळाडू आत आणू द्यायचे नाहीत, हाच दुबळ्याचा मार्ग उरत होता. ४ नोव्हेंबर २००० रोजी नॉर्थवेस्टर्नने मिशिगनवर ५४-५१ असा विजय मिळवला तेव्हा या मार्गाची ताकद सर्वांच्या नजरेत भरली. २००८ मध्ये दोन चालींमधले घड्याळ आधीची चाल संपताच ४० सेकंदांपासून सुरू होऊ लागले, आणि पंचांच्या गतीवर अवलंबून असलेला वेळ आक्रमक संघाच्या हाती आला.

आता अडचण अशी की हडलच नाही, तर क्वार्टरबॅकने चाल सांगायची कोठे आणि कधी? यावर सापडलेला तोडगा साधा होता : सीमारेषेवरची खूण क्वार्टरबॅकपुरती न ठेवता ती सर्वांनीच थेट वाचायची. त्यासाठी चालींची भाषा आक्रसून घ्यावी लागली. जी चाल पूर्वी मांडणी, अडवणुकीची रीत, धावपटूंचे मार्ग आणि चेंडू उचलण्याची वेळ अशा लांबलचक शब्दमालेने सांगितली जाई, ती एका शब्दात किंवा एका हातवाऱ्यात बसवण्यात आली. वेग पायांत नंतर आला, आधी तो शब्दसंग्रहात आणावा लागला. या प्रशिक्षकांचे खरे कर्तृत्व तेथे आहे.

एका चालीचा क्रम जवळून पाहिला की ही यंत्रणा उलगडते. आधीची चाल संपून पंच चेंडू जागेवर ठेवतात तोवर आक्रमक संघ रांगेत उभा राहिलेला असतो आणि सगळे चेहरे सीमारेषेकडे वळलेले असतात. तेथे दोन-तीन जण एकाच वेळी हातवारे करत असतात, कोणी टोपीला हात लावतो, कोणी मनगटावर मूठ आपटतो, कोणी दोन्ही हात पंख्यासारखे फिरवतो. त्यांतला एकच खरा असतो आणि बाकीचे प्रतिस्पर्ध्याला चकवण्यासाठी असतात. कोण खरा हे सामन्यापूर्वी किंवा मध्यंतरात ठरते, आणि संशय आला की बदलते. काही संघांत खेळाडूच्या मनगटपट्टीवर क्रमांक घातलेल्या चालींची यादी असते आणि खुणेने फक्त क्रमांक कळवला जातो. चिप केली यांच्या ऑरेगन संघाने मोठमोठ्या फलकांवर चार-चार चित्रे रंगवून ती उंच धरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या त्या चित्रांपैकी अर्थपूर्ण कोणते हे संघालाच ठाऊक असे. २०१० च्या हंगामात त्या संघाने सामन्यामागे सरासरी सुमारे ४७ गुण केले आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाची अंतिम लढत गाठली. तेथे माल्झान यांनी ज्याचे आक्रमण बांधले होते त्या ऑबर्नने त्याला २२-१९ असे हरवले. शाळेच्या मैदानांवरून आलेली पद्धत अशा रीतीने दोन्ही बाजूंनी शिखरावर पोहोचली होती.

अधिकाराचा प्रश्न निर्माण होतो तो पुढच्या पायरीवर. अनेक संघ घाईने रांगेत येतात, क्वार्टरबॅक चेंडू मागण्याचे नुसते सोंग करतो, त्यामुळे बचाव फळी आपली खरी मांडणी उघड करते, आणि मग सर्व अकरा जण पुन्हा मान वळवून सीमारेषेकडे पाहतात. वरच्या कक्षातून मैदान न्याहाळणारा साहाय्यक दूरध्वनीवरून मांडणी कळवतो आणि प्रशिक्षक तीवर नेमकी चाल देतो. समोरचा व्यूह वाचून चाल बदलणे हे जे क्वार्टरबॅकचे सर्वांत मोठे बौद्धिक काम होते, ते अशा रीतीने सीमारेषेपलीकडे गेले. लीच हे याला ठळक अपवाद होते. २००० ते २००९ या काळात टेक्सस टेकमध्ये त्यांनी चाली थोड्या ठेवल्या आणि रांगेत चाल बदलण्याची मोठी मोकळीक क्वार्टरबॅकला दिली. पण लीच यांचे अनुकरण करणाऱ्यांनीही त्यांच्या चाली जितक्या आवडीने उचलल्या तितक्या आवडीने ही मोकळीक उचलली नाही. अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या निर्णयावर कोट्यवधी डॉलरची नोकरी टांगून ठेवण्यास प्रशिक्षक तयार नव्हते. हे समजण्याजोगे असले तरी खेळाने त्यात काही गमावले, हे नोंदवले पाहिजे.

विरोध झाला तो वेगाला. अलाबामाचे निक सेबन यांनी २०१२ मध्ये खेळाडूंच्या सुरक्षिततेचा मुद्दा जाहीरपणे मांडला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये नियम समितीने असा प्रस्ताव आणला की घड्याळाच्या पहिल्या दहा सेकंदांत चेंडू उचलता येऊ नये, म्हणजे बचाव फळीला खेळाडू बदलता येतील. वेगामुळे दुखापती वाढतात याचा ठोस पुरावा कोणी पुढे ठेवला नाही, प्रशिक्षकांत मोठी खळबळ उडाली आणि मार्चमध्ये प्रस्ताव बाजूला पडला. त्याच वर्षी सेबन यांनी लेन किफिन यांना आक्रमणाची सूत्रे देऊन स्वतःच्या संघालाही वेगाची वाट धरायला लावली.

खुणा मात्र उघड्यावर आल्या होत्या, आणि उघड्यावरची खूण वाचली जाणारच. प्रतिस्पर्ध्याच्या खुणा डोळ्यांनी पाहून ओळखणे नियमबाह्य नाही. भावी प्रतिस्पर्ध्याचे सामने प्रत्यक्ष जाऊन टेहळण्यास १९९४ पासून मनाई आहे, आणि खुणा टिपण्यासाठी इलेक्ट्रॉनिक साधने वापरणेही निषिद्ध आहे. अनेक संघ सीमारेषेवर चादरी आणि पडदे धरून आपले खुणा करणारे झाकू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या एका कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे पाठवून खुणांचे चित्रीकरण करवल्याचा आरोप झाला. मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ यांना त्या हंगामाचे शेवटचे तीन साखळी सामने सीमारेषेवर उभे राहता आले नाही, तरी संघ जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला.

या प्रकरणाने रेडिओचा प्रश्न निकाली काढला. व्यावसायिक फुटबॉलने क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातील रेडिओ १९९४ मध्येच मान्य केला होता. विद्यापीठांच्या सर्वोच्च विभागाने एप्रिल २०२४ मध्ये ही परवानगी दिली. मैदानावरील एकाच खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओ असतो, त्यावर हिरवा ठिपका लावलेला असतो, आणि घड्याळावर १५ सेकंद उरले किंवा चेंडू उचलला गेला की आवाज बंद होतो. त्यामुळे बचाव फळीची मांडणी पाहून शेवटच्या क्षणी चाल बदलायची झाली तर ती रेडिओवरून सांगता येत नाही, आणि उरलेल्या दहा जणांना तर काहीच ऐकू येत नाही. म्हणून घाईने खेळणारे संघ रेडिओ घेऊनही आपले फलक आणि हातवारे बाळगून आहेत.